काळ्या विधवेची कैफियत

माणसाला नाव ठेवतात आईबाप आणि नावं ठेवतात लोक. पहिल्या कार्यक्रमाला बारसं लागतं, पाळणा लागतो, घुगऱ्या लागतात. दुसऱ्याला एक कप चहा आणि चार माणसं पुरतात. शिवाय पहिलं नाव आवडलं नाही तर राजपत्रात जाहिरात देऊन बदलता येतं. दुसरं बदलायची सोय अजून कुठल्याही सरकारने केलेली नाही. ज्याला नावं ठेवली जातात त्याला आधी नोटीस येत नाही, म्हणणं मांडायला तारीख मिळत नाही, आणि अपील तर नाहीच नाही.

अशाच एका एकतर्फी निकालाची ही गोष्ट आहे. निकाल लागलाय तो अमेरिकेतल्या एका कोळ्याविरुद्ध. कोळी म्हणजे जाळं विणणारा. आणि कोळ्याविरुद्ध म्हणजे खरं तर त्याच्या मादीविरुद्ध. मराठीत तिला कोळीण म्हणावं तर डोळ्यांसमोर पापलेटची पाटी उभी राहते आणि लेखाचा विषयच बदलतो. तेव्हा मी आपलं 'मादी' असंच म्हणतो.

हिचं इंग्रजी नाव 'ब्लॅक विडो'. काळी विधवा. दिसायला मोठी टापटिपीची. अंग नुकत्याच पॉलिश केलेल्या बुटासारखं काळंभोर चकचकीत, पोट वाटाण्यासारखं गोल आणि पोटाच्या खालच्या अंगाला डमरूच्या आकाराची लालभडक खूण. पाय सोडले तर सगळा देह सेंटिमीटर-सव्वा सेंटिमीटरचा. नवरा तिच्या निम्म्याने लहान, किडकिडीत आणि फिकट. लग्नाच्या फोटोत कडेला उभा राहिलेला दूरचा नातेवाईक वाटावा असा.

लोकांनी नावं ठेवली तर ठेवली, निदान शास्त्रज्ञांनी तरी सबुरीने घ्यायचं! पण छे! १७७५ साली फाब्रिसियस नावाच्या विद्वानाने हिच्या एका जातीला 'मॅक्टन्स' हे लॅटिन नाव दिलं. अर्थ, बळी घेणारी. मग १८०५ साली वाल्कनाएर या फ्रेंच पंडिताने साऱ्या कुळालाच 'लॅट्रोडेक्टस' हे नाव दिलं. त्याचा अर्थ चोरून चावणारी, असा लावतात. म्हणजे पूर्ण नाव झालं चोरून चावणारी बळी घेणारी, आणि टोपणनाव काळी विधवा. असं नाव घेऊन कुणी आमच्या काउंटरवर खातं उघडायला आलं, तर केवायसीचे कागद बघण्याआधी मी अलार्मचं बटण दाबीन.

हिच्यावर आरोप दोन. एक, ही जहाल विषारी आहे. दुसरा, ही नवऱ्याला खाते. दुसरा आरोप मी गेली कित्येक वर्षं आमच्या बँकेत दुपारच्या डब्याच्या वेळी ऐकत आलोय. लग्नाला पंचवीस वर्षं झालेले एक सहकारी आहेत. बायकांचा विषय निघाला, आणि तो निघतोच, की ते हमखास म्हणतात, "अहो, निसर्गातच आहे ते! ती काळी विधवा बघा. काम झालं की नवरा गिळून मोकळी!" हे सांगताना त्यांच्या तोंडात, पहाटे पाचला उठून बायकोने केलेली भेंडीची भाजी असते. भेंडी गिळली की ते पुढचा घास घेतात. निसर्गात अन्नसाखळी असते ती अशी.

तर कैफियत. पहिला आरोप विषाचा. तो मान्यच आहे. हिच्या विषातला मुख्य घटक असा आहे की तो आपल्या मज्जातंतूंच्या टोकांशी साठवून ठेवलेले सगळे निरोप एकदम बाहेर सोडायला लावतो. मार्च अखेरीला सगळ्या खातेदारांनी एकाच तासात पैसे काढायला यावं, तसं काहीसं. स्नायू पिळवटतात, पोट लाकडासारखं कडक होतं, घामाच्या धारा लागतात. हे पुस्तकी ज्ञान नाही. अर्कान्सा विद्यापीठातल्या बर्ग नावाच्या प्राध्यापकांनी हिचा चावा स्वतःच्या बोटावर घेऊन पाहिला आणि १९२३ साली तो अनुभव छापून काढला. १९३३ साली अलाबामा विद्यापीठातल्या ॲलन ब्लेअर या प्राध्यापकांनी तर तिला दहा सेकंद बोट चावू दिलं आणि जमेल तोवर टिपणं काढत बसले. पुढे त्यांना इस्पितळात न्यावं लागलं आणि काही दिवस फार हाल झाले. दोघेही वाचले. 'संशोधनासाठी आणखी पुरावा हवा' असं म्हणायची सवय असलेल्या लोकांनीही त्यानंतर ब्लेअरसाहेबांना पुन्हा एकदा चावून घ्यायचा आग्रह केल्याचं कुठे वाचनात नाही.

पण चावते कधी, हे विचारायला नको का? ही स्वतः होऊन कुणाच्या अंगावर धावून जात नाही. हिचं घर लाकडांच्या राशीत, दगडांच्या फटीत, अडगळीत. पूर्वी अमेरिकेत घराबाहेर परसात संडास असत. त्यांच्या लाकडी बैठकीखाली ही जाळं विणायची, कारण तिथे माशा भरपूर. वरून माणूस येऊन बसला, जाळं हललं, अंग दाबलं गेलं, की चावली. आता मला सांगा, तुमच्या दिवाणखान्याच्या छतावर कुणी तशा हेतूने येऊन बसलं, तर तुम्ही काय स्वागताचा हार घालाल? एवढं होऊनही, आज उपचार मिळाले तर या चाव्याने माणूस दगावणं अगदी क्वचित घडतं. म्हणजे पहिल्या आरोपात शस्त्र आहे, परवाना निसर्गाचा आहे, आणि वापर बहुतेक वेळा स्वसंरक्षणासाठी आहे. शिवाय चारित्र्याचा दाखला म्हणून एवढं सांगतो, की दुसऱ्या महायुद्धात नेम धरायच्या दुर्बिणींत जी केसासारखी बारीक फुली असते, तिच्यासाठी हिच्याच जाळ्याचं रेशीम वापरलं जात होतं. देशसेवेचं पदक मात्र कुणी दिलं नाही.

आता दुसरा आरोप. नवऱ्याला खाते.

इथे वकिलाने पहिला प्रश्न विचारावा तो असा: पाहिलं कुणी आणि कुठे? उत्तर असं येतं, की पाहिलं ते बहुतेक वेळा बरणीत. अभ्यासासाठी लोकांनी एक मादी आणि एक नर आणून बंद भांड्यात ठेवले आणि वर झाकण लावलं. नराला मागे सरायला जागा नाही, पळायला दार नाही. थोड्या वेळाने पाहिलं तर एकच शिल्लक. लगेच वहीत नोंद झाली: ही विधवा आहे आणि स्वतःच्या कर्तृत्वाने झाली आहे. झाकण कुणी लावलं याची नोंद कुठेच नाही.

बरणीबाहेर, मोकळ्या जाळ्यात, उत्तर अमेरिकेतल्या या कोळ्यांचे संसार बरेच निराळे दिसतात. नवरा जाळ्यात शिरतो तो हलकेच अंग थरथरवत. माशी अडकली की धडपडते, जाळं वेडंवाकडं हादरतं. याचं थरथरणं मंद आणि सारखं. 'जेवण नाही हो, मी आहे' असा तो निरोप. २०१४ साली कॅनडातल्या संशोधकांनी ही कंपनं मोजून दाखवली. मग हे गृहस्थ बायकोच्या जाळ्याचे काही भाग कापतात आणि गुंडाळून ठेवतात. जाळ्याच्या रेशमाला मादीचा वास असतो, तो दुसऱ्या स्थळांपर्यंत पोचू नये म्हणून ही तजवीज. काम आटोपलं की बरेच नर सुखरूप निघूनही जातात. या जातींत मोकळ्यावर नवऱ्याला खाण्याचे प्रकार घडतात, पण ते विरळा.

आणि त्यातली एक गोष्ट तर मी आमच्या सहकाऱ्यांना मुद्दाम सांगितली. २०११ साली अमेरिकेत झालेल्या अभ्यासात असं आढळलं, की या नराला नुसत्या रेशमावरून कळतं, मादी पोटभर जेवलेली आहे की उपाशी. उपाशी मादीच्या जाळ्यात तो फारसा रेंगाळत नाही. जेवलेलीच्या दारात मात्र मनापासून आराधना करतो. म्हणजे खाते ती नवरा म्हणून नव्हे, भूक म्हणून. हे मी घरी सांगितलं तेव्हा बायको पोळ्या लाटत होती. तिने लाटणं न थांबवता विचारलं, "म्हणजे एवढ्याशा किड्याला कळतं, की बायको जेवली का ते आधी बघावं?" मी काही बोललो नाही. पिढ्यान्‌पिढ्या सगळ्यांना वाढून झाल्यावर बायकांनी मागाहून बसायची रीत आपली. आणि तरी आपल्याकडे एकाही नवऱ्याला काही झालं नाही, हे भारतीय स्त्रीच्या सहनशीलतेचं सगळ्यात मोठं प्रमाणपत्र आहे.

इथपर्यंत हसून झालं. पण 'नवऱ्याला खाल्लं' हे शब्द मी पहिल्यांदा ऐकले ते कोळ्याबद्दल नव्हते. ते आमच्याच घरातल्या एका बाईबद्दल होते.

माझ्या वडिलांना एक आत्या होती. आम्हीही तिला आत्याच म्हणायचो. एकोणिसाव्या वर्षी तिचा नवरा विषमज्वराने गेला. डॉक्टर तालुक्याच्या गावी, मध्ये नदी, आणि नदीला पूर. मरणाचं कारण विचारलं तर ताप, पाऊस आणि नसलेला पूल अशी तीन उत्तरं मिळतात. सासरच्यांनी चौथं शोधून काढलं. 'पांढऱ्या पायाची आली आणि वर्षात नवऱ्याला खाल्लंन.' झाला निकाल. पुढची पन्नासएक वर्षं आत्या माहेरी राहिली. तिने दोन पिढ्यांची बाळंतपणं काढली, लोणची घातली, मुलांच्या शाळेच्या फिया भरल्या. पण हळदीकुंकवाच्या दिवशी ती मागच्या पडवीत काहीतरी निवडत बसायची. निवडायला काही नसलं तरी बसायची.

आत्या अंगाने अगदी काडी. तिला मी एकदाच या विषयावर बोलताना ऐकलं. कुणीतरी पाहुणीने तिच्यासमोरच तो जुना शब्द काढला. आत्या सुपातले गव्हाचे खडे टाकता टाकता म्हणाली, "अगो, पाच फूट दहा इंचाचा माणूस होता तो. खाल्ला असता तर अंगाला लागला नसता का?"

पाहुणी हसली, आम्हीही हसलो. आत्या हसली नाही. तिचं सूप चालूच होतं.

आता बघा, अमेरिकेतल्या कोळ्याचा आणि आमच्या आत्याचा खटला एकाच कोर्टात चाललेला दिसतो. दोन्हीकडे बरणी आहे. झाकण तिसऱ्याच कुणी लावलंय. आत काय झालं याचा हिशेब मात्र जी जिवंत उरली तिच्या नावावर. आमच्या बँकेत नवराबायकोचं जोडखातं बहुधा 'आयदर ऑर सर्व्हायव्हर' असतं, म्हणजे दोघांपैकी कुणीही, आणि एक गेल्यास उरेल तो. यात उरणं हा हक्क आहे. खात्यात उरलेल्याला शिल्लक मिळते. समाजात उरलेल्या बाईला मात्र शिक्षा मिळते. उरलेल्या पुरुषाला तर बहुधा नवं स्थळच मिळतं. 'बायकोला खाल्लंन' असा वाक्प्रचार मराठीत मी अजून ऐकलेला नाही; आणि 'काळा विधुर' नावाचा कोळीही कुणी शोधून काढलेला नाही.

पण थांबा. कैफियत प्रामाणिक असावी. या कुळात एक बहीण अशी आहे की जिच्याबाबत आरोप खरा आहे. ती राहते ऑस्ट्रेलियात. तिथे नर संग होत असताना चक्क कोलांटी उडी मारतो आणि आपलं पोट नेमकं तिच्या तोंडावर नेऊन ठेवतो. ती तिथल्या तिथे खायला सुरुवात करते. मेडियान आंद्रादे या संशोधिकेने १९९६ साली 'सायन्स' या नियतकालिकात याचा हिशेब मांडला. सुमारे ६५ टक्के वेळा नर खाल्ला जातो. पण खाल्ला गेलेला नर जास्त वेळ टिकतो आणि वाचलेल्या नराच्या जवळजवळ दुप्पट अंडी फळवतो. शिवाय खाऊन झालेली मादी दुसऱ्या नराला सहसा जवळ करत नाही. आणि दहांतल्या आठांहून जास्त नरांना तर आयुष्यात मादी भेटतच नाही. तिला शोधता शोधताच ते मरतात. म्हणजे एकदा मिळालेली संधी हीच बहुधा शेवटची. वाणिज्य शाखेच्या पदवीधराला हे लगेच समजतं. भांडवल एक, धंदा एकदाच, तेव्हा सगळं गुंतवा.

मग हा त्याग झाला की गुंतवणूक? आमच्या सहकाऱ्यांनी विचारलं तेव्हा मी म्हटलं, "दोन्ही नाही." त्याग करणाऱ्याला आपण काय सोडतोय हे ठाऊक असावं लागतं, आणि गुंतवणूक करणाऱ्याला व्याजाचा दर. या बिचाऱ्याला दोन्हीचा पत्ता नाही. त्याने आंद्रादेबाईंचा लेख वाचलेला नाही. ज्यांच्यात ही उडी होती त्यांची पोरं जास्त झाली, म्हणून उडी पुढे चालत आली. तो हुतात्मा नव्हे आणि व्यापारीही नव्हे. आणि त्याच न्यायाने ती खुनीही नव्हे. दोष लावायचा तर समोरच्याला वेगळं वागण्याची मुभा असावी लागते. तिच्यापुढे पर्याय ठेवला होता कुणी? समोर आयतं आलं, भूक होती, खाल्लं. हिचीच पिल्लं एका कोशातून शेकड्यांनी बाहेर पडतात आणि वारं लागून पांगायच्या आत एकमेकांना खातात. त्यांना आपण काही नावं ठेवत नाही. माणसांत त्याला भाऊबंदकी म्हणतात आणि कोर्टाची पुढली तारीख घेतात.

गंमत पुढेच आहे. ही ऑस्ट्रेलियातली मादी, जी नवऱ्याला खरोखर आणि वारंवार खाते, तिचं तिथलं रोजचं नाव काय असावं? 'रेडबॅक'. लाल पाठीची. पाठीवर लाल पट्टा असतो, म्हणून! बस्स, इतकंच. जिथे गुन्हा घडतो तिथे लोकांनी तिच्या पाठीचा रंग पाहून नाव दिलं. जिथे तो क्वचित घडतो तिथे मात्र विधवा म्हटलं. यावरून एवढं नक्की ठरतं, की असलं नाव चिकटण्याचा आणि केलेल्या कृत्याचा फारसा संबंध नसतो. नाव ठेवणाऱ्याच्या मनात आधीपासून काय बसलंय, त्यावर ते ठरतं.

म्हणून मला वाटतं, या सगळ्या प्रकरणात नीतीचा प्रश्न असलाच तर तो कोळ्यांचा नाहीच. त्यांना पर्याय नव्हता. तो नाव ठेवणाऱ्यांचा आहे, कारण त्यांना होता. बरणी उघडून बघायला काय हरकत होती? नदीला पूर होता की नाही हे विचारायला किती वेळ लागला असता? आम्ही बँकवाले निर्दय म्हणून प्रसिद्ध. पण कर्जाचा हप्ता थकला तर त्या खात्याला 'अनुत्पादक' हा शिक्का मारण्याआधी आम्हीसुद्धा ९० दिवस थांबतो. त्यातून पैसे भरले तर शिक्का काढूनही टाकतो. आत्याला नव्वद मिनिटंही कुणी दिली नाहीत, आणि पन्नास वर्षं हप्ते भरून शिक्का काही निघाला नाही.

निघत नाहीतच असं मात्र नाही. २०२२ सालच्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यात हेरवाड नावाच्या गावाने ग्रामपंचायतीत ठराव केला. नवरा गेल्यावर बाईच्या बांगड्या फोडायच्या नाहीत, कुंकू पुसायचं नाही, मंगळसूत्र काढायचं नाही. त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर गावांनाही तसं करायचं आवाहन केलं. ठरावाने मनं लगेच बदलतात असा माझा दावा नाही. बँकेत इतकी परिपत्रकं येतात की परिपत्रकांवरचा माझा विश्वास कधीच उडालाय. पण एका गावाने बसून, हात वर करून, झाकण काढायचं ठरवलं, ही गोष्ट लहान नाही.

आमच्या सहकाऱ्यांना मी हे सगळं, अगदी १७७५ पासून, दोन डब्यांच्या सुट्टीत मिळून ऐकवलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग डब्याचं झाकण लावत ते म्हणाले, "ते सगळं ठीक आहे हो, पण नाव बाकी काय फिट्ट दिलंय!"

बरणीचं झाकण निघायला अजून बराच वेळ आहे. दरम्यान त्यांच्या बायकोने दुसऱ्या दिवशी त्यांना कारल्याची भाजी दिली होती, एवढी नोंद करून ठेवतो.